तीनदा नको

आपण गावाचा अरबाब, म्हणजे मुखिया, व्हायला लायक नाही हे लोकांना कसं सांगायचं, याचा सराव इवज सकाळपासून करत होता.

तो खिडकीसमोर उभा होता. उजवा हात छातीवर ठेवून, मान जराशी डावीकडे कलवून तो काचेतल्या स्वतःला म्हणाला, "मी कोण? मी तर या मिंबरच्या दारातली धूळ." मग मान उजवीकडे कलवून तेच पुन्हा म्हणून पाहिलं. डावीकडची जास्त शोभत होती.

तजवर बागेतून आली आणि तिने ओचा जमिनीवरच्या नमद्यावर मोकळा केला. कोवळे बदाम होते, हिरवे, अंगावर लव असलेले. आत अजून गर धरला नव्हता.

"आजचे," ती म्हणाली. "काल याच्या निम्मे होते."

"ऊन वाढलंय."

"उन्हाने नाही पडत. पाणी नाही म्हणून पडतात. झाड आधी फळ टाकतं, मग पानं टाकतं, मग तुम्ही सरपण म्हणून तोडायला या."

"आज चाळिसावा आहे ना बाबांचा? आज पगडी बांधली की शनिवारी हशर. शनिवारी संध्याकाळी तुझ्या झाडांना पाणी."

"मग विचारतील तेव्हा हो म्हणा आणि मोकळे व्हा."

मिंबरमध्ये जोडे घालून शिरायला सांगितल्यासारखं इवजने तिच्याकडे पाहिलं.

"पहिल्या विचारण्यालाच हो म्हणू? लोक म्हणतील, उपाशी होता. बाबा स्वतः तीनदा नको म्हणाले होते. आजोबा तर तबेल्यात जाऊन लपले. ओढून आणलं त्यांना, अंगाला शेण लागलेलं. लोक अजून नाव काढतात."

"आणि कुणी ओढायला आलंच नसतं तर?"

"येतातच," इवज म्हणाला आणि पुन्हा काचेकडे वळला.

तजवरने बदाम परातीत भरले. लग्नात मेहर म्हणून सासऱ्याने तिला गावाच्या वरच्या अंगाचा खडकाळ उतार दिला होता, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. तिने तिथे बदाम लावले, पहिली काही वर्षं मशकीने पाणी वाहिलं, आणि झाडं फळाला आल्यावर मग सगळ्यांना तो उतार फार चांगला होता असं आठवू लागलं. या घरात तिच्या मालकीची तेवढीच एक गोष्ट होती. आणखी आठवडाभर कारेझ अशीच बंद राहिली तर तीही राहणार नव्हती.

कारेझ म्हणजे डोंगराच्या पोटातून गावापर्यंत पाणी आणणारा भुयारी पाट. वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं असतात, त्यातून उतरून तो साफ करता येतो. यंदा बर्फ वितळताना वरच्या तोंडांपैकी एक खचलं आणि मातीने पाट बुजला. काम अवघड नव्हतं. गावातल्या सगळ्या घरांतून एकेक माणूस फावडं घेऊन गेला असता तर दिवस मावळायच्या आत पाणी खाली आलं असतं. यालाच हशर म्हणतात. मजुरी नाही, जेवण सगळ्यांचं एकत्र, आणि हाक अरबाबाची.

घोडं तिथेच अडलं होतं. अरबाबाने हाक दिली की माणसं निघतात, आणि याचं उलटही तितकंच खरं: ज्याच्या हाकेला माणसं निघाली, तो अरबाब. अरबाब नवरोज, इवजचे बाबा, तर वारले होते. इवजने हाक दिली असती तर यारका कुळातले घरी बसले असते. त्याच्या सावत्र भावाने, बरातने दिली असती तर दौलता कुळातले. दोघांनी मिळून द्यावी, असं शाळामास्तर एकदा म्हणाला. मग आधी कुणाचा आवाज निघणार यावर दोन दिवस गेले आणि मास्तर पुन्हा काही बोलला नाही. काबूलमध्ये दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत राजा काढून टाकला होता. इथे मातीचा एक ढीग निघत नव्हता.

या गावाची दाय-बरका ही हजारा लोकांमधली काही फार मोठी जमात नव्हे. तिचा मूळपुरुष बरका कुठून आला आणि कधी आला, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. त्याला दोन बायका होत्या, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. एकीचा मुलगा दौलतबेग, त्याचे ते दौलता. दुसरीचा यारबेग, त्याचे ते यारका. दोघींपैकी थोरली कोण, यावर अजूनही डोकी फुटतात. शिवाय खालच्या अंगाला हमसायांची घरं आहेत, कधीकाळी आश्रयाला आलेल्यांची. त्यांचा मूळपुरुष कोण हे कुणी विचारत नाही, म्हणून त्यांच्यात भांडणंही नाहीत.

अरबाब नवरोज जन्माने दौलता. पहिली बायको शाहपेरी दौलतांचीच, तिचा मुलगा इवज. दुसरी सब्जगुल यारकांची, तिचा बरात. नवरोजने हे लग्न दोन्ही कुळं जोडायला केलं होतं. त्याचा परिणाम म्हणून अंगणात मधोमध एक भिंत बांधावी लागली.

*

"तो तीनदा नको म्हणेल," चमनमामा म्हणाला. "तू चारदा म्हण."

बरातने चहाचा पेला खाली ठेवला. "आणि चौथ्यांदा त्यांनी ऐकलं तर?"

"ऐकतील कसे? आपली माणसं बसलीत ना ओरडायला. मी दाढीला हात लावला की सगळे एकदम उठतील. दोघं तुझे दंड धरतील. तू थोडं मागे रेट. जास्त नको, गेल्या वेळी एकाचा खांदा निखळला होता."

चमन हा यारकांचा सगळ्यात वडीलधारा. त्याने आयुष्यात कधी अरबाब व्हायचा प्रयत्न केला नव्हता. अरबाब करायचा प्रयत्न मात्र तिसऱ्यांदा चालू होता.

बरातला खरं तर हशर, कारेझ, तंटे यांतलं काही नको होतं. तालुक्याला हाकिमाच्या कचेरीत अरबाबाला बसायला खुर्ची देतात. बाकीचे दारात उभे राहतात. बरात काबूलला ट्रकवर क्लीनर होता तेव्हा असा पुष्कळ दारांत उभा राहिला होता. त्याला ती खुर्ची हवी होती, इतकंच. पण हे मामाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्याची आई सब्जगुल चुलीपाशी कुरुत, म्हणजे वाळवलेलं दही, पाण्यात घोळत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "तुझ्या बापाच्या त्या थोरलीने इतक्या वर्षांत मला तंदुरापाशी उभं केलं नाही. माझी रोटी तव्यावरचीच. तू पगडी बांधून ये, मग मी तिच्या तंदुरात पीठ घेऊन जाते. बघते काय म्हणते."

"म्हणजे मी अरबाब व्हायचं ते तुझ्या रोट्यांसाठी?"

"मग काय माझ्या गव्हासाठी? तो तर वाळला."

*

मिंबरच्या दारात नेहमीप्रमाणे गर्दी तुंबली होती. मिंबर म्हणजे गावाचा मजलिसखाना. मोहरमची मजलिस, बारसं, तिसरा-चाळिसावा, सगळं तिथेच. दोन माणसं एकदम आत जाऊ शकतील इतकं दार रुंद होतं. पण दौलता यारकांना म्हणत होते, "आधी तुम्ही," आणि यारका दौलतांना म्हणत होते, "छे, तुमच्या आधी कसं?" दोन्ही बाजूंचा जोर सारखा असल्यामुळे दार मोकळं असून कुणीच हलत नव्हतं. शेवटी हमसाये चहाच्या किटल्या घेऊन बाजूने आत शिरले आणि त्यांच्या मागून बाकीचे.

वरच्या टोकाला, दारापासून सर्वांत लांब, अरबाब नवरोजची तोशक, बसायची गादी, अंथरलेली होती, पाठीशी त्यांचा लोड. तोशकेच्या बाजूला भिंतीशी अलम उभा होता: हिरव्या कापडात गुंडाळलेला खांब, वर पितळेचा पंजा. त्यापुढे तबकात नवी रेशमी पगडी घडी करून ठेवलेली. सगळे त्या रिकाम्या तोशकेपासून शक्य तितके लांब बसले. जो तिच्या जवळ बसेल तो हावरा.

शेजारच्या खोऱ्यातले सय्यद, आगा मीर हसन, निवाड्यासाठी खेचरावरून आले होते. सय्यद कुठल्याच कुळाचे नसतात, म्हणून असल्या कामांना त्यांनाच बोलावतात. हलवा खाऊन झाला होता. बायका पडद्यामागे बसल्या होत्या. तजवरने पडद्याच्या उसवलेल्या शिवणीपाशी जागा धरली होती.

आगांनी नवरोजसाठी फातेहा म्हटला, दाढीवरून हात फिरवला आणि घसा साफ केला.

"इवज, नवरोजच्या मुला. जमात तुझ्याकडे बघते आहे."

इवजचा हात छातीवर गेला. मान डावीकडे. "आगासाहेब, मी कोण? मी तर या मिंबरच्या दारातली धूळ."

"असं कसं, असं कसं," दौलतांची बाजू गुणगुणली.

"बरात?"

"लाला जर धूळ, तर मी त्या धुळीखालचा दगड," बरात म्हणाला. "दगडाला पगडी कोण बांधतं?"

यारकांच्या बाजूने कौतुकाचा सुस्कारा निघाला. दौलतांपैकीही एक-दोघांचा. इवजने तो ऐकला.

"इवज, दुसऱ्यांदा विचारतो."

"माझा भाऊ या तोशकेवर बसावा," इवज म्हणाला, "आणि मी बाहेर त्याचे जोडे सरळ करून ठेवावेत. मला एवढीच इच्छा आहे."

हे सरावात होतं, आणि चांगलं झालं. पण बरात गुडघ्यांवर उठला. "लाला जिवंत असताना मी या तोशकेकडे नजर वर करून पाहिलं तर माझे डोळे फुटोत."

आता सगळ्यांनीच सुस्कारा सोडला. पडद्यामागे कुणीतरी म्हातारी रडायला लागली. इवजला कळलं की आपण हरतो आहोत. आयुष्यभर या दिवसाची वाट पाहिली, आणि एका ट्रकच्या क्लीनरने नम्रतेत आपल्याला मागे टाकलं. त्याची तिसऱ्या वेळची तयारी होती, "माझ्या खांद्यांना हे ओझं पेलणार नाही," पण डोळे फुटण्यापुढे खांदे फारच बेचव वाटले.

"इवज, तिसऱ्यांदा आणि शेवटचं."

त्याच क्षणी दौलतांचे चार धष्टपुष्ट पुतणे इवजला ओढायला मांडी मोडून उठत होते. आणि इवज, ज्याने मिसरूड फुटल्यापासून कधी कुठली गोष्ट ठरवल्याबाहेर केली नव्हती, तो उठून तोशकेपाशी गेला आणि त्याने अलमचा खांब दोन्ही हातांनी धरला.

"हजरत अब्बासच्या या अलमची शपथ," तो म्हणाला. "मी अरबाब होणार नाही. हा हक्क माझ्या भावाचा आहे."

पुतणे अर्धवट उठलेले तसेच राहिले.

पलीकडे चमनमामाचा हात दाढीपर्यंत पोचला होता. यारकांनी ओरडायला तोंडंही उघडली होती. पण सगळ्यांची नजर बरातवर होती आणि बरातला दिसत होतं की आता आपण गप्प बसलो तर जन्मभर लोक म्हणतील, भावाने अलम धरला आणि हा पगडीकडे बघत बसला. खुर्ची त्याच्या डोळ्यांसमोर आली. चांगली होती, हात टेकायला लाकडी दांडे होते. तो उठला, भावाशेजारी गेला आणि त्याने खांब इवजच्या हातांच्या वर धरला.

"मीसुद्धा," तो म्हणाला. "याच अलमची शपथ. मी होणार नाही."

दोघांच्या पकडीने वरचा पितळी पंजा थरथरत होता. तजवरने कपाळ भिंतीला टेकलं.

"झालं?" आगांनी विचारलं. "सोडा तो आता. पडेल."

चमन पहिल्यांदा सावरला. "आगासाहेब, ही तर आपली बोलायची रीत आहे. पोरं लाजतात."

"अलम धरून लाजतात?"

"शपथेला उतारा असतो ना? तीन रोजे, नाहीतर दहा गरिबांना जेवण. मी घालतो जेवण."

"खुदाच्या नावाच्या शपथेला असतो. खुदा दयाळू आहे," आगा म्हणाले. "अब्बासच्या नावाची मोडायची असेल तर आधी तू एक मोडून दाखव. मी पलीकडच्या खोऱ्यातून बघतो."

सगळ्यांना एकदम कुणाकुणाचं आठवलं. कुणाच्या आजोबाचं तोंड वाकडं झालं होतं. कुणाच्या चुलत्याचं छप्पर बसलं होतं, आणि त्याने तर शपथ फक्त एका बकरीवरून मोडली होती. इवजने दोन्ही हात बाहीत ओढून घेतले.

"मग दुसरा कुणी?" आगांनी बैठकीवर नजर फिरवली. "कादिरकाका?"

"मी कोण?" कादिरकाका म्हणाला.

"दुराअली?"

"छे छे, आमची कुठे पात्रता."

एकेक पांढरी दाढी छातीवर हात ठेवून नको म्हणत गेली. त्यांच्यातल्या निम्म्यांना मनापासून व्हायचं होतं, पण इतक्या वर्षांची सवय, तोंडातून दुसरं काही निघेचना. शेवटी दाराजवळ जोड्यांपाशी बसलेला एक हमसाया अर्धवट उठला आणि सगळ्या माना गर्रकन वळल्या.

"मी," तो म्हणाला, "अजून चहा आणू का?"

निघण्यासाठी सोडायला सांगितलेलं खेचर आगांनी पुन्हा बांधायला सांगितलं.

*

इवज भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

"त्यांनी मला ओढायला हवं होतं," तो म्हणाला. बाहेर अजून ऊन होतं.

"खांब धरलेल्या माणसाला कसं ओढणार?" तजवर म्हणाली. "खांबासकट आणायचा का?"

"बरातने सुरुवात केली. डोळे फुटोत म्हणे. एवढं बोलायची काय गरज होती?"

"नव्हती. आणि तुम्हाला?"

त्याने चादर डोक्यावर ओढली. तजवर थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती, पण दोन्हींनी झाडांना पाणी मिळणार नव्हतं. तिने बदामांची परात उचलली आणि सासूच्या खोलीत गेली.

शाहपेरी फणीवर लोकर पिंजत होती. मिंबरमध्ये काय झालं ते तिला पडद्यामागून दिसलं होतं, तरी ती त्यावर अक्षर बोलली नव्हती. नवरा जिवंत असताना गावातले निम्मे निवाडे याच खोलीत आधी ठरायचे आणि मग मिंबरमध्ये व्हायचे.

"आबै," तजवर म्हणाली, "आज गुरुवार, जुम्मेरात."

"मला ठाऊक आहे. हलव्याचं तूप कमी होतं."

"जुम्मेरातीच्या रात्री मेलेले घरी येतात. बाबा येतील ना?"

"येतील. रोजच येतात स्वप्नात. पाय पसरून बसतात आणि चहा कुठे म्हणून विचारतात. मेल्याने काही फरक पडला नाही."

"आज काय म्हणतील?"

शाहपेरीचा हात थांबला. तिने सुनेकडे पाहिलं, मग परातीतल्या हिरव्या बदामांकडे, मग पुन्हा सुनेकडे.

"तूच सांग," ती म्हणाली. "काय म्हणतील?"

"म्हणतील, मी अजून अरबाब आहे. तुम्ही दुसरा केला कुठे? हशरची हाक माझी."

म्हातारीने चिमटीतली लोकर खाली ठेवली. तिचे ओठ एका कडेने वर गेले. "त्याला आवडलं असतं," ती म्हणाली. "पण मी एकटीने सांगितलं तर यारका काय म्हणतील? थोरलीचं स्वप्न, दौलतांच्या सोयीचं."

"म्हणून तर भिंतीपलीकडच्या खालालाही स्वप्न पडायला हवं."

"त्या बाईशी मी बोलत नाही."

"तुम्ही नका बोलू. मी बोलते. तुम्ही नुसत्या बसा."

भिंतीला दार नव्हतं. बाहेरून, सगळ्या गावासमोरून वळसा घालून जावं लागलं. सब्जगुल उंबऱ्यावर बसली होती. सवतीला येताना बघून ती उठली, मग आपण उठलो हे लक्षात येऊन पुन्हा बसली.

तजवरने सगळं सांगितलं. सब्जगुलने शेवटपर्यंत ऐकलं.

"जुम्मेरात माझी होती," ती म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक आहे. आज तो तिच्याकडे कसा जाईल?"

"चाळीस दिवस माझ्याकडे येतोय," शाहपेरी भिंतीला उद्देशून म्हणाली.

"चहाला येतो. चहा कुणीही देतं."

"हिला सांग, तिच्या जुम्मेराती मीच लावून दिल्या होत्या. त्याचं घोरणं सहन होत नव्हतं म्हणून."

"हिला सांग, माझ्याकडे तो घोरत नसे."

तजवरने परात दोघींच्या मध्ये ठेवली. सब्जगुलने एक बदाम उचलून नखाने फोडला. आत पाण्याचा थेंब होता, बस्स. तिचा गहूही त्याच पाटावर होता.

"आधी खालाकडे येतील," तजवर म्हणाली. "जुम्मेरात त्यांची आहे, ते खरंच. येऊन सांगतील, शनिवारी. फक्त एवढंच, शनिवारी. मग पहाटे, शुक्रवार लागल्यावर, आबैकडे जातील आणि म्हणतील, मी हशरची हाक देतो. एकीला दिवस ठाऊक, दुसरीला काम. दोघी मिळून सांगितल्याशिवाय अर्थच लागणार नाही."

"म्हणजे यारकांना दौलता लागणार आणि दौलतांना यारका," सब्जगुल म्हणाली.

"तुझ्या सुनेला—" मग तिनेच शाहपेरीकडे बघून सुरुवात केली आणि थांबली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलली होती. आता मागे घेता येत नव्हतं. "तुझ्या सुनेला डोकं आहे."

"माझ्या हाताखाली शिकली," शाहपेरी म्हणाली. "उद्यापासून तंदुरावर ये. तुझ्या तव्यावरच्या रोट्या बघवत नाहीत."

*

आगा मीर हसननी आयुष्यात शेकडो तंटे ऐकले होते आणि त्यांतल्या बहुतेकांत खोटं कोण बोलतंय ते त्यांना चहा संपायच्या आत कळायचं. शुक्रवारी सकाळी पडद्यामागून दोन म्हाताऱ्या आवाजांनी एकाच स्वप्नाचे दोन तुकडे सांगितले, तेव्हाही कळलं. त्यांनी आणखी एक चहा मागवला.

"शनिवारच का?" चमनने संशयाने विचारलं. "रविवार का नाही?"

"तूच विचार त्याला," पडद्यामागून सब्जगुल म्हणाली. "भाऊ, जरा झोप. येईल तुझ्याकडेही."

दौलतांपैकी एक हसला आणि मग यारकाही हसले.

"पण मेलेला माणूस अरबाब," कादिरकाका म्हणाला. "असं कधी झालंय का?"

आगांनी दोन्ही बाजूंकडे पाहिलं. इकडे इवज, तिकडे बरात, दोघेही बाहीत हात खुपसून बसलेले. सहा महिने असेच गेले असते, मग पुढच्या हिवाळ्याचा बर्फ आला असता.

"किताबात मनाई माझ्या वाचनात नाही," ते म्हणाले. "आणि विचार करा. त्याच्या हाकेला गेलात तर तुमच्यातल्या कुणापुढे मान झुकत नाही. तो पक्षपात करणार नाही. त्याला जेवण घालावं लागणार नाही. आणि पगडी बांधली तर तो नको म्हणणार नाही."

शेवटचा मुद्दा सगळ्यांना एकदम पटला. आगांनी तबकातली रेशमी पगडी उचलली, तोशकेवरच्या लोडाभोवती नीट गुंडाळली आणि शेवट आत खोचला. मिंबरभर "मुबारक, मुबारक" झालं. तेव्हा दोघे भाऊ मान खाली घालून बसले होते, आणि गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच ते खरोखर नम्र दिसत होते.

शनिवारी सगळ्या घरांतून माणसं निघाली. हमसाये दोर बांधून खचलेल्या तोंडातून खाली उतरले आणि माती भरून देऊ लागले. दौलता आणि यारका वर उभे राहून दोर ओढत होते आणि खोदायचं कसं ते खाली ओरडून सांगत होते. उन्हं कलायच्या आधी गढूळ पाणी पाटात आलं, मग हळूहळू निवळलं. तजवरने बांध फोडला, पाणी आपल्या उतारावर वळवलं आणि पहिल्या झाडाच्या बुंध्यापाशी बसून ते मुरताना पाहत राहिली. निम्मे बदाम गेले होते. निम्मे धरले.

त्या वर्षी अरबाब नवरोज फारच कामाचे निघाले. मेंढ्यांची चराई, एका लग्नाचा मोडलेला शब्द, पाण्याच्या पाळ्या, सगळ्यावर ते जुम्मेरातीला येऊन मत देत. लोक शाहपेरीकडे विचारायला जात. शाहपेरी म्हणे, माझं वय झालं, स्वप्न आठवत नाही, सुनेला सांगून ठेवलंय. मग लोक बुधवारीच तजवरकडे येऊन आपली बाजू मांडून जाऊ लागले, म्हणजे अरबाबांना येताना सगळं ठाऊक असावं. कागदावर अरबाबाचा शिक्का हवा असला तर शाहपेरी पेटीतून काढून तजवरच्या हातात देई. हाकिमाच्या कचेरीत बरात जाई, "अरबाबांचा निरोप्या" म्हणून. त्याला खुर्ची मात्र देत नसत.

एका संध्याकाळी इवज तंदुरापाशी आला. शाहपेरी आणि सब्जगुल रोट्यांवरून भांडत होत्या. तजवर पीठ मळत होती. तो जरा वेळ उभा राहिला, मग तिच्याजवळ उकिडवा बसला.

"आबैच्या स्वप्नात बाबा पुन्हा आले की," तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्याबद्दल काही म्हणतात का, विचारशील? मला काही नको आहे. मी कोण?" त्याचा हात आपोआप छातीवर गेला होता, मान डावीकडे. "पण शपथ त्या वेळची होती. वर्ष झालं आता. त्यांच्या मनात असेल तर..."

"विचारलं मी," तजवर म्हणाली.

"विचारलंस? मग?"

तिने पिठाचा गोळा हातावर थापला आणि तंदुराच्या तोंडाकडे वाकली.

"म्हणाले, पोराला तीनदा विचारलं होतं."